तरी की खुष्की? आगबोटीतून उतरलेल्या उतारूचा प्रश्न

प्रवास करणाऱ्या माणसाला मराठीत दोन नावे आहेत. एक 'प्रवासी' आणि दुसरे 'उतारू'. पहिले संस्कृतातून जसेच्या तसे आलेले असून त्याचा मूळ रोख घरापासून दूर राहण्यावर आहे. संस्कृत 'प्रवास' म्हणजे परस्थळी वास. दुसऱ्याचा रोख अगदी निराळा आहे. 'उत्' उपसर्गासह 'तॄ' धातूचा अर्थ पाण्यातून पार होणे, पलीकडे निघणे असा असून, 'उतरणे', नदीचा 'उतार', 'उतारपेठ' आणि 'उतारू' ही सारी त्याच कुळातील आहेत. म्हणजे प्रवासी घर सोडल्यामुळे प्रवासी ठरतो. उतारू मात्र कोठेतरी काठाला लागावयाचा असतो म्हणून उतारू. आगगाडीच्या आरंभीच्या काळात मराठी लेखकांनी व वृत्तपत्रांनी गाडीत बसणाऱ्यांसाठी हाच पाण्यावरचा शब्द वापरला, आणि समुद्र कधी न पाहिलेल्या आमच्या महालातील वृद्ध माणसेही रेल्वेच्या डब्यातील गर्दीला 'उतारूंची गर्दी' म्हणत असत.

प्रस्तुत लेखाचा विषय हा उतारू बंदरावर उतरल्यानंतरचा आहे. कोकणच्या किनाऱ्याने जाणारी आगबोट एखाद्या खाडीच्या मुखाशी थोडा वेळ थांबली, उतारू खाली आला; पुढे त्याने होडीने जावयाचे की गाडीने? प्रश्न क्षुल्लक वाटतो, आणि कोकणच्या इतिहासावरील लेखनात त्याला सहसा एखाद्या ओळीपलीकडे जागा मिळत नाही. परंतु ह्या निवडीमागे एक पक्के गणित होते, आणि ते गणित कालबाह्य झाले तेव्हा खाड्यांच्या टोकांवरील पेठांचे स्थानही गेले, असे आमचे मत आहे. ह्या पेठांच्या ऱ्हासाचे खापर केवळ गाळावर फोडणाऱ्यांशी म्हणून आमचा मतभेद आहे.

ह्या निवडीसाठी मराठीजवळ फार पूर्वीपासून एक शब्दजोडी होती : 'तरी' आणि 'खुष्की'. दोन्ही फारसी. 'तर' म्हणजे ओले, 'खुष्क' म्हणजे कोरडे. म्हणून तरीचा मार्ग तो पाण्याचा आणि खुष्कीचा तो जमिनीचा. ह्यांपैकी खुष्की अजून भाषेत आहे, पण तिचा अर्थ इतका सरकला आहे की 'खुष्कीचा मार्ग' म्हटले की आजच्या वृत्तपत्राच्या वाचकाला आडवाट किंवा पळवाट आठवते. तरी मात्र लुप्त झाली. ती लुप्त होण्यास तिचे जुळे भावंड काही अंशी कारणीभूत असावे. मराठीत नदीपार नेणाऱ्या नावेला आणि त्या सोयीलाही 'तर' म्हणतात; ही 'तर' संस्कृत 'तॄ' पासूनची, म्हणजे उतारूची सख्खी बहीण. फारसीतील ओली 'तर' आणि संस्कृतातील पार करणारी 'तर' यांचा परस्परांशी काडीचा संबंध नाही. परंतु उच्चार सारखा आणि व्यवहारही पाण्याचाच, तेव्हा बोलणाऱ्याने त्या वेगळ्या ठेवाव्यात कशाला? अशा जोड्या एकमेकींत मिसळतात आणि त्यांतली देशी बहुधा टिकते. हा भेद ध्यानात ठेवावा, कारण शेवटी तो उपयोगी पडणार आहे : तरी म्हणजे पाण्यावरून लांबवर जाणे, तर म्हणजे पाणी आडवे ओलांडणे.

आता प्रत्यक्ष किनाऱ्याकडे वळू. मुंबईपासून गोव्यापर्यंतच्या किनाऱ्यावर सावित्री, वासिष्ठी, शास्त्री, काजवी, वाघोटण अशा नद्या खाड्यांच्या रूपाने समुद्राला मिळतात. खाडीच्या मुखाशी एक बंदर आणि भरतीचे पाणी जेथवर पोचते तेथे, आत, एक पेठ, अशी ह्या प्रदेशाची जुनी घडण आहे : बाणकोट आणि महाड, दाभोळ आणि चिपळूण, जैतापूर आणि राजापूर, विजयदुर्ग आणि खारेपाटण. मुखावरचे बंदर हे उतरण्याचे ठिकाण. माल विकला जाई तो आतल्या पेठेत, आणि तेथूनच तो बैलांच्या पाठीवर घाट चढून देशावर जाई. इंग्रजांनी सतराव्या शतकात वखार घातली ती राजापुरास, जैतापुरास नव्हे; आणि 1661 मध्ये शिवाजी महाराजांनी तिच्यावर हात टाकला तोही आतल्या पेठेत शिरूनच.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ह्या किनाऱ्यावर आगबोटींची नियमित वाहतूक सुरू झाली. पुढे बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या बोटी हा कोकणी माणसाच्या आयुष्याचा भाग झाला. परंतु आगबोट धक्क्याला लागे ती थोड्याच ठिकाणी. बहुतेक खाड्यांच्या मुखाशी वाळूचा दांडा असतो आणि हर्णैसारखी बंदरे तर उघड्या समुद्रावरची. बोट दूर खोल पाण्यात उभी राही, भोंगा वाजे, आणि किनाऱ्यावरून पडाव निघत. लाटेवर वरखाली होणारा पडाव आणि बोटीची शिडी यांचा क्षणभर मेळ बसे, तेवढ्यात उतारूने पाय टाकावयाचा. बायका, मुले, ट्रंका, पडश्या, आंब्याच्या करंड्या सारे त्याच क्षणी. पडावही वाळूला टेकेपर्यंत जाई असे नाही. शेवटचे गुडघाभर पाणी खलाशाच्या खांद्यावरून ओलांडणारे उतारू पुष्कळ असत. म्हणजे येथे होडी ही निवड नव्हतीच. ती सक्तीची होती. निवड सुरू होई ती वाळूवर पाय टेकल्यानंतर. पुढे आतल्या पेठेला जावयाचे तर खाडीतून होडीने अथवा लहान आगबोटीने, नाही तर बैलगाडीने, ऐपत असल्यास धमणीने, आजारी असल्यास डोलीने, आणि बहुसंख्यांच्या बाबतीत पायी.

ह्या निवडीचे पहिले अंग भरतीचे. खाडीतील होडी वल्ह्यांनी व शिडाने चालते हे खरे, परंतु तिला खरा जोर असतो भरतीच्या पाण्याचा. भरतीबरोबर निघालेली होडी थोड्या श्रमात आत पोचते. ओहोटीच्या तोंडाशी निघालेली होडी वाटेत चिखलावर बसते. आणि भरती केव्हा येणार हे कोकणातल्या कोणत्याही तांडेलाला घड्याळ किंवा कोष्टक न पाहता सांगता येई, कारण त्यासाठी तिथी पुरे. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ तासांत मिळते. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, पौर्णिमेला व अमावास्येला सव्वाअकरा. स्थूल मान आहे, स्थळपरत्वे थोडा फरक पडतो. पण होडी सोडावयाला एवढे पुरते.

एक उदाहरण घेऊ. ज्या बंदरापासून पेठेपर्यंत खाडी आणि गाडीवाट या दोन्ही सोयी होत्या, अशा एखाद्या ठिकाणी आगबोट दुपारी तीन वाजता थांबली असे समजा. त्या दिवशी अष्टमी असेल तर पूर्ण भरती सहाला. बारापासून पाणी चढत आहे, अजून तीन तासांचा ओघ शिल्लक आहे आणि वर खाडीत तर पाणी त्याहून उशिरापर्यंत चढत राहणार. होडीत बसणे शहाणपणाचे. तीच आगबोट पौर्णिमेला तीन वाजता आली तर? भरती सव्वाअकराला होऊन गेली. पाणी साडेपाचपर्यंत उतरत राहील, आणि उधाणाचे दिवस असल्यामुळे ते जोराने व खोलवर उतरेल. होडीवाला साडेपाचपर्यंत हलणार नाही आणि नंतर निघाला तर पेठ गाठावयास रात्र. अशा दिवशी बैलगाडी, कितीही हाडे खिळखिळी करणारी असली तरी, आधी पोचते. एकाच बंदरावर, एकाच वेळी उतरणारा, तोच माणूस एका आठवड्याला होडी व दुसऱ्या आठवड्याला गाडी पसंत करतो; आणि दोन्ही वेळा त्याचे बरोबर असते. वसाहतकाळातील काही इंग्रज प्रवाशांना ह्यात देशी माणसाचा लहरीपणा दिसला असता तर नवल नव्हते. पण पंचांग ज्याच्या डोक्यात आहे त्याची ही लहर म्हणता येत नाही.

दुसरे अंग काठाचे. दाभोळ वासिष्ठीच्या उत्तर तीरावर आणि चिपळूणचा गोवळकोट धक्का दक्षिण तीरावर. बाणकोट सावित्रीच्या दक्षिणेस, तर महाडच्या वाटेवरचे दासगाव उत्तरेस. तेव्हा दाभोळास उतरून चिपळुणास 'खुष्कीने' जाऊ म्हणणाऱ्यालाही आधी खाडी ओलांडावीच लागे, किंवा दापोली-खेडचा मोठा वळसा घ्यावा लागे. अशा ठिकाणी तरीचा पक्ष स्वभावतःच जड होता आणि दाभोळ ते गोवळकोट ही खाडीतील वाहतूक दीर्घकाळ टिकली ती ह्यामुळे. उलट हर्णैला उतरून दापोलीच्या पठारावर जाणाऱ्याला पाण्याची वाटच नव्हती. वेंगुर्ल्याचेही तसेच, तेथून आंबोलीचा घाट चढून बेळगावकडे जाणारा रस्ता हेच त्या बंदराचे सर्वस्व, आणि 1880 च्या दशकात मुरगावची रेल्वे झाल्यावर त्याचा व्यापार ओसरू लागला. कोकणी माणूस पाण्याचा किंवा जमिनीचा, अशी सरधोपट विधाने करण्यापूर्वी बंदर कोणत्या काठावर आहे एवढे तरी पाहावे.

तिसरे अंग ऋतूचे. पावसाळा लागण्यापूर्वी आगबोटी बंद होत आणि नारळी पौर्णिमेनंतर समुद्र शांत होऊ लागला की हळूहळू पुन्हा सुरू होत. मधले महिने खुष्की हाच मार्ग. तोही किनाऱ्याने नव्हे, कारण किनाऱ्याने जावे तर प्रत्येक खाडी आडवी. चिपळूणकराने कुंभार्ली घाट चढून कऱ्हाडला जावयाचे, रत्नागिरीकराने आंबा घाट चढून कोल्हापूरला, आणि तेथून आगगाडीने पुण्यावरून मुंबईस. समुद्रकाठच्या माणसाने मुंबईच्या समुद्राकडे जाण्यासाठी आधी सह्याद्री चढावा, ही गोष्ट नकाशाकडे पाहणाऱ्याला चमत्कारिक वाटेल. मराठीने मात्र ती एका शब्दात बसवली आहे : नदीकाठच्या पायऱ्यांनाही 'घाट' आणि डोंगरातील वाटेलाही 'घाट'. दोन्ही ठिकाणी वाहन बदलते.

मुंबईत ह्याच प्रश्नाला निराळे रूप आले. विलायतेहून येणारी बोट बंदरात नांगर टाकून उभी राही आणि उतारू लहान बोटींतून पालवा बंदरावर येत. ह्या लहान बोटींना मुंबईचे इंग्रज 'बंदर-बोट' म्हणत, आणि हॉब्सन-जॉब्सन कोशात, 1886 साली, ह्या शब्दाची स्वतंत्र नोंद झाली. त्याच कोशात 'अपोलो बंदर' ह्या नावाचीही चर्चा आहे. पालवा नावाच्या मासळीवरून ते पडले, असे एक मत तेथे दिले आहे आणि कोशकारांनी त्यावर शंकाही घेतली आहे. मूळ काही असो, ग्रीक देवतेचा त्या धक्क्याशी संबंध नाही एवढे निश्चित. काठावर उभ्या असत त्या भाड्याच्या गाड्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व्हिक्टोरिया, 1874 पासून घोड्यांची व 1907 पासून विजेची ट्राम, आणि 1911 पासून मोटार टॅक्सी. येथे होडी व गाडी एकमेकींच्या स्पर्धक नव्हत्या. एकीने जेथे सोडावे तेथून दुसरीने उचलावे असा व्यवहार होता. सरकारनेही त्यांना वेगवेगळ्या कायद्यांत घातले. मुंबई शहरातील भाड्याच्या गाड्यांसाठी 1863 चा कायदा, तर नावांसाठी 1868 चा. बॅलार्ड पिअर झाले आणि 1928 मध्ये त्याला लागून रेल्वेचे मोल स्थानक उघडले, तेव्हा मधली बोट आणि मधली गाडी दोन्ही गळाल्या. उतारू जहाजातून निघून सरळ आगगाडीत बसू लागला.

आगगाडीने हा व्यवहार गिळला, तरी त्याची भाषा तिला गिळता आली नाही. 'आगबोट' आणि 'आगगाडी' या शब्दांची घडण एकच आहे. मुंबईत बांधलेली 'ह्यू लिंडसे' ही वाफेची बोट 1830 मध्ये सुएझकडे निघाली, तर पहिली आगगाडी धावली 1853 मध्ये. तेव्हा कोणता शब्द कोणत्या शब्दावर बेतला, याविषयी शंकेला फारशी जागा नाही. बोट धक्क्याला 'लागते', तशी गाडी फलाटाला लागली. बोटीने मळमळणाऱ्याला बोट 'लागते'. आज घाटात एसटी लागणाऱ्या माणसाने हा प्रयोग समुद्राकडूनच घेतला आहे, असे आम्हांस वाटते. ('ऊन लागणे', 'नजर लागणे' हा साचा आधीपासून होताच, वाहनाला तो प्रथम लावला तो बोटीच्या उतारूने.) आणि नागपूरकर ज्या स्थानकावर उतरून मुंबई गाठीत असे त्याचे नाव काय, तर बोरीबंदर! कोरड्या जमिनीवरच्या शेवटच्या थांब्याला बंदराचे नाव.

नागपूरचा उल्लेख आला म्हणून एक गोष्ट सांगितली पाहिजे. तरी की खुष्की हा प्रश्न आमच्या शहरापुढेही एकदा उभा राहिला होता. मात्र तो उतारूपुढे नव्हे, तर सरकारपुढे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे, 1861 ते 1865 या काळात, वऱ्हाड व वर्धेच्या खोऱ्यातील कापसाला विलायतेत मागणी आली. तो वर्धा, प्राणहिता व गोदावरी या नद्यांतून पूर्व किनाऱ्याला न्यावा, अशी योजना होती. सर आर्थर कॉटन हे जलमार्गाचे कट्टर पुरस्कर्ते. मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांनीही तिच्यात लक्ष घातले. गोदावरीतील खडकाळ अडथळे ओलांडण्यासाठी दुम्मागुडेम येथे बंधारा व कालव्याचे काम झाले. दरम्यान 1867 मध्ये आगगाडी नागपुरास पोचली, आणि 1871 मध्ये गोदावरीचे काम सोडून देण्यात आले. पाण्याची वाहतूक वजनाच्या मानाने स्वस्त, हा कॉटन यांचा मुद्दा खोटा नव्हता. पण गोदावरीला वर्षातील काही महिनेच पुरेसे पाणी असते आणि रुळांना ऋतू नसतो. कोकणात जे तिथीवर अवलंबून होते ते येथे महिन्यावर अवलंबून होते, एवढाच फरक.

कोकणात रुळांचे काम प्रथम मोटारीने केले. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांपासून 'सर्व्हिस मोटारी' बंदरांपर्यंत येऊ लागल्या, आणि 1948 नंतर राज्य परिवहनाच्या गाड्या. मोटारीचा वेग हा तिचा दुय्यम गुण होता. तिचा मुख्य गुण असा की तिला तिथी विचारावी लागत नव्हती. आगबोट केव्हाही येवो, मोटार उभी आहे. पौर्णिमा असो की अष्टमी, पोचण्याची वेळ तीच. जो उतारू आजवर पंचांग पाहून दोहोंपैकी एक निवडीत होता, त्याच्या गणितातून भरतीच वजा झाली. गाळ होता, तो राजापूरच्या खाडीत फार पूर्वीपासून होता. तरीही जोपर्यंत भरतीचा हिशोब करणारी गिऱ्हाइके होती तोपर्यंत लहान होड्या चालत राहिल्या आणि खाडीच्या टोकाला पेठ असण्यास कारण राहिले. आता पेठ रस्त्यावर सरकली. चिपळूण व महाड हमरस्त्यावर असल्याने तगली आणि वाढली; खारेपाटण हमरस्त्यावर असूनही पूर्वीची उतारपेठ राहिली नाही, कारण तेथे आता कोणी उतरत नाही, सारे पुढे जातात.

भीतीचाही विचार केला पाहिजे. मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट 17 जुलै 1947 रोजी, ऐन पावसाळ्यात, बंदराच्या मुखाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे प्राणास मुकली. रायगड व रत्नागिरी जिल्ह्यांतील कित्येक घरांत तिची आठवण अजून निघते. तथापि त्या दुर्घटनेमुळे लोकांनी बोट सोडली असे म्हणता येत नाही. त्यानंतरही अनेक वर्षे 'रोहिणी', 'कोकण सेवक' यांसारख्या बोटी उतारूंनी भरून जात होत्या. माणसे बोट सोडून गेली ती रस्ते व पूल झाल्यावर. आगबोटींची सेवा विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत थांबली, आणि 26 जानेवारी 1998 रोजी कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर खुली झाली. तिने प्रत्येक खाडी पुलावरून ओलांडली आणि पूर्वीच्या बहुतेक बंदरांना पश्चिमेस दूर ठेवले.

आता मुंबई बंदरात पुन्हा प्रवासी जहाजे थांबतात, आणि त्यांतून उतरणाऱ्यापुढे टॅक्सी की बोट हा पर्याय पुन्हा आला आहे. 17 फेब्रुवारी 2022 रोजी मुंबई व बेलापूर यांच्या दरम्यान जी सेवा सुरू झाली तिला सरकारने आणि वृत्तपत्रांनी 'वॉटर टॅक्सी' म्हटले. टॅक्सी हे मूळचे भाडे मोजणाऱ्या यंत्राचे, टॅक्सीमीटरचे, तोडलेले नाव. यंत्रावरून ते मोटारीला मिळाले, आणि मोटारीवरून आता बोटीला. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वी जमिनीवरच्या वाहनाने बोटीचे शब्द उसने घेतले, आणि आज बोट मोटारीचा शब्द उसना घेत आहे. भाड्याची होडी, मचवा, पडाव असे शब्द घरात असताना हे का व्हावे, असा आक्षेप शुद्धिवादी घेतील. आम्हांस तो पटत नाही. बोलणारा आपल्या रोजच्या अनुभवातून शब्द उचलतो, आणि आजच्या मुंबईकराचा रोजचा अनुभव रस्त्याचा आहे.

दाभोळास मात्र अजून बोट आहे. ती दाभोळहून समोरच्या धोपाव्याला जाते आणि माणसांबरोबर मोटारी, दुचाक्या व मालगाड्याही पलीकडे नेते. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी, 15 मार्च 2020 रोजी सुरू झालेली मोठी बोटही हेच करते. होडी की गाडी हा प्रश्न येथे उरलेलाच नाही, कारण गाडीच होडीत बसली आहे. ज्या वासिष्ठीतून उतारू भरतीबरोबर गोवळकोटापर्यंत लांबवर जात असे, ती आता दाभोळास केवळ रुंदीपुरती ओलांडली जाते. तरी संपली, तर राहिली.